बांधावरचं बोलावणं

औरंगाबाद
२८ डिसेंबर १९८४

वैनी,

तुम्हाला आणि दादाला मालनचा नमस्कार. आम्ही सोमवारी सकाळी सुखरूप पोचलो. तुमी बांधून दिलेल्या कोंदीच्या पोळ्या मात्र घरापर्यंत आल्या नाहीत, यांच्या दोस्तांनी गाडीतच हात मारला. मी डबा उघडला तर तळाला नुसते तीळ.

वैनी, त्या दिनकररावांच्या वतीनं मी तुमची माफी मागते. माणूस चांगला आहे, यांच्याच कचेरीत टेबलाला टेबल लावून बसतो, पण पडला पुण्याकडचा. कडब्याच्या कोपीत बसून शेंगाभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर हाणली आणि उठताना खिशात हात घालून दादाला विचारलं, ‘‘ताटाला किती?’’ पंगतीतले सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. दादानं तर मान खाली घातली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. गाडीत मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. वाटेनं जाणाऱ्याला बांधावरून बोलवायचं, त्याचं नाव-गाव विचारायचं नाही, आणि बोलावलेल्यानं नको म्हणायचं नाही. त्या ताटाचं मोल विचारणं म्हणजे घरच्या माणसाच्या तोंडात मारणं. बिचारे कान धरून बसले होते. मग म्हणाले, वहिनी, असं गाव मी जन्मात पाहिलं नाही, ओळख ना पाळख आणि हाताला धरून पंगतीत बसवतात.

मला लय अभिमान वाटला. आपल्या बाबांच्या वेळेपासून त्या कोपीवरून कुणी उपाशी गेलेलं नाही. आई-बाबा गेल्यापासून वर्षाची येळवस हेच माझं माहेर आहे, वैनी. दिवाळीला नाही बोलावलं तरी चालेल, पण येळवसेला मला त्या डोहाच्या काठी, चिंचांखाली, दादाच्या हातानं वाढलेली आंबील पाहिजे.

आणि हो, दिनकरराव अधूनमधून पेपरात लिहितात. आपल्या पिंपळडोहावर लिहिणार आहेत. छापून आलं की कात्रण पाठवते.

तुमची,
मालन


पिंपळडोह, ता. गंगाखेड
१२ जानेवारी १९८५

मालनवन्सं,

सरजाचा रामराम घ्या. माझी शाळा चौथीपोतर, तवा चुका निघतील त्या पदरात घाला. तशाबी नणंदा भावजयच्या चुका काढायलाच जन्माला येतेत.

दिनकररावाचं काय मनावर घेता. ह्यांच्या मनाला दोन दिवस लागून राहिलं खरं, पन मग आपणच हसायले. म्हणले, त्या बिचाऱ्याला कुणी कधी फुकट जेवू घातलं नसल, म्हणून हात खिशाकडं गेला. आता गावातली पोरंबी भाकर खाऊन उठली की आईला इचारतेत, ‘ताटाला किती?’ तुमच्या पाव्हण्यानं गावाला येक खेळ शिकवून ठिवला बगा.

येक गोष्ट मात्र लिव्हते, राग मानू नका. तुमी लिव्हलं की आपल्या कोपीवरून कुणी उपाशी गेलं न्हाई. वन्सं, गेलंय. अठ्ठ्याहत्तर साली, इद्यापीठाच्या नावावरून मुलखात जाळपोळ झाली, गावानं बौद्धवाड्याशी देणंघेणं तोडलं, त्या सालची येळवस. वाड्यातला सिताराम त्येच्या लेकाला, लिंबाजीला, बोटाला धरून बांधावर उभा व्हता. त्येच्या बापापासून त्यांचं ताट आपल्यात असायचं. बांधाच्या पल्याड बसायचे, वरून वाढायचो, पन असायचं. त्या दिवशी ह्यांनी त्येला पाहिलं अन् मान दुसरीकडं फिरवली. गावाला भ्याले. म्या हातात बाजरीचे उंडे घेऊन उभी व्हते, म्याबी हाक मारली न्हाई. त्यो जरा ईळ थांबला अन् गेला. तवापासून दर साली हे निरोप धाडतेत, त्यो येत न्हाई. ह्या साली तुमी डोहात पाय सोडून बसला व्हता तवाबी सालगडी निरोप घेऊन गेलता अन् तसाच वापस आला.

बाकी खुशाल. गेल्या रविवारी येक जीप आलती, परभणीची चार माणसं. तुमच्या मालकाचं नाव सांगून डोह बघाय आलोत म्हणले. हे लगेच बांधावर जाऊन ‘या, जेवून जा’ म्हणले. म्या चुलीवर दुसरी भाकर टाकली. त्यात काय मोठं.

तुमची भावजय,
सरजा


पिंपळडोह
२० जानेवारी १९८९

मालनवन्सं,

सासूबाईच्या दुखण्यानं औंदा तुमचं येनं झालं न्हाई. बरं झालं आला न्हाईत. मी असं लिव्हीन असं कधी वाटलं नव्हतं.

चार साल तुमी येताव तवा माणसं वाढायली, हे तुमीच पाहिलंय. पन औंदा नदीवरचा पूल झाला अन् गंगाखेडाहून डांबरी सडक आली, तसं इपरीतच झालं. शनवारी येळवस, दुसऱ्या दिवशी रविवार. जीपा, मोटारी, टेम्पो. डोहाच्या काठाला पाय ठिवाय जागा न्हाई. माणसं आलेली बगून मी आधी हरकले, मग कढई मोजायला लागले. लग्नाच्या कढईत भज्जी केलती, ती दुपारच्याला खरवडली. हे बांधावर उभं राहून येकेकाला ‘या, येळवस हाय’ म्हणायलेत, अन् कोपीत मी पीठ मागायला गावात माणूस धाडायलेय.

काय काय पाहिलं ते सांगते. येका बाईनं पांडवाच्या दगडावर लेकराची ओली चड्डी वाळू घातली. आपण चुना देऊन पाच पांडव पुजतो, तिला ती चांगली जागा दिसली. येकानं ह्यांना हाक मारली, ए मामा, पाणी आण. ह्यांनी आणलं. हुरड्याला आलेली कणसं बारक्या पोरांनी न्हाई, तुमच्या यवढाल्या बायांनी ओरबाडून नेली, पिशव्या भरून. चिंचेखाली बाटल्या फुटल्या, त्यातली येक माझ्या पायात गेली. अन् वन्सं, दुसऱ्या रविवारी परत आले. येळवस झाली म्हणून सांगितलं, तर म्हणतेत, पेपरात लिव्हलंय, हितं कुणालाच परत पाठवत न्हाईत.

आता दर रविवारी येळवस व्हनार असं दिसतंय. मी ह्यांना म्हणलं, न्हाई म्हणा की येकदा. तर हे काय म्हणावं? म्हणले, ‘‘सरजे, येकदाच न्हाई म्हणलो व्हतो. त्यो अजून माझ्या बांधावर उभा हाय.’’ मी परत पीठ मळायला बसले.

तुमच्या मालकानं दिनकररावाला सांगावं, परत काई लिव्हू नका म्हणून. पाव्हणा देव असतोय हे मलाबी ठावं हाय. पन देव रोज दारात आला तर बाईनं करावं काय?

सरजा


औरंगाबाद
६ फेब्रुवारी १९८९

वैनी,

पत्र वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पायाला हळद लावा, काच राहिली असेल तर गंगाखेडला जाऊन दाखवा.

पण वैनी, तुमी थोडं दुसऱ्या बाजूनंही बघा. इथं कुणाला माहेर सांगितलं की पूर्वी लोक ‘कुठं आलं ते’ विचारायचे. आता पिंपळडोह म्हटलं की डोळे मोठे करतात. यांचे साहेबसुद्धा बायको-लेकरं घेऊन दोनदा जाऊन आले आणि म्हणाले, तुमचे मेहुणे म्हणजे राजा माणूस. दिनकररावांचं ते कात्रण यांनी कचेरीत काचेखाली ठेवलंय. गावाचं नाव झालं, डांबरी सडक आली, अजून काय पाहिजे? दोन बाया हाताखाली घ्या. दादाला माणसांची हौस आहे, त्याला नको म्हणू नका.

सासूबाईंचं दुखणं हटलं की पुढच्या येळवसेला मी आलेच.

मालन


पिंपळडोह
१० जानेवारी १९९३

मालनवन्सं,

ह्या साली गाड्याघोड्यांचा काई भरवसाच नव्हता, तुमी आला न्हाईत ते ठीकच झालं. येळवस झाली. पोटभर जेवलो. हे तर लय दिसांनी पोटभर जेवले.

तुमाला येक बातमी सांगायची राहिली. डोहाकाठचं वावर गेल्या उन्हाळ्यात बन्सीधर नावाच्या माणसाला चालवाय दिलं. परभणीत त्येचं मोठं हाटेल हाय. गोड बोलणारा माणूस. ह्यांच्यापाशी बसला अन् म्हणला, किशनराव, तुमचं वय झालं, वहिनींचे हात थकले, येवढ्या लोकांना जेवू घालायचं काम आता माझ्यावर सोपवा. हितून येकबी माणूस उपाशी जानार न्हाई. ह्यांच्या डोळ्याला पाणी आलं. मला म्हणले, बघ सरजे, बाबांचं वरत मोडलं न्हाई, पुढं चालवणारा माणूस भेटला. नऊ सालासाठी अंगठा नव्हं, चांगली सही केली.

तवा आता माझ्या हाताला आराम हाय. तुमी काळजी करू नका. लेकीचं कुठं जमतंय का ते कळवा.

सरजा


औरंगाबाद
१५ डिसेंबर १९९३

वैनी,

यंदा मला कुणी अडवू शकत नाही. लेकीचं लग्न होऊन सहा महिने झाले, जावयांनी पिंपळडोह पाहिलेला नाही. लग्नात दादानं त्यांना मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, येळवसेला या, बांधावरून हाक मारीन. ते अजून बोलून दाखवतात. ११ जानेवारीला येळवस आहे. लेक, जावई आणि मी, तिघं येतो. यांना रजा नाही.

बन्सीधरांना जेवणाचं सांगू नका, आदल्या दिवशी येऊन मी तुमच्याबरोबर भज्जीच्या शेंगा सोलणार. आंबील तुमीच करा, ताकाला नीट आंबवा. सितारामालाही यंदा मीच बोलवायला जाईन. माझ्या शब्दाला तो नाही म्हणणार नाही.

मालन


पिंपळडोह
२८ डिसेंबर १९९३

मालनवन्सं,

औंदा येऊ नका. ह्यांची तब्येत नरम हाय, दमा वर आलाय. संक्रांत झाल्यावर आमीच औरंगाबादला येताव, लेकीची ओटी भरायची हाय. जावायाला माझा मान कळवा.

सितारामाकडं जायची काई जरूरत न्हाई.

राग मानू नका.

सरजा


औरंगाबाद
१३ जानेवारी १९९४

सरजावैनी,

तुमचं ते चार ओळींचं पत्र वाचून मी रात्रभर रडले. भावजयीनं माहेरचं दार लावलं असंच मला वाटलं. मग ठरवलं, दार लावलं तर लावलं, बाबांचं रान तर कुणी उचलून नेलं नाही. येळवसेला घरी जायचंच नाही, सरळ रानात जायचं, तिथं दादा बांधावर उभा असेलच. दमा असला तरी त्या दिवशी तो घरात बसायचा नाही, एवढं मी माझ्या भावाला ओळखते. तुमाला न सांगता मी निघाले. आता सगळं सांगते, ऐका.

फाट्यावर उतरलो तर मला माझं गाव ओळखू आलं नाही. दोन्ही बाजूंनी टपऱ्या, रसाचे गाडे, फोटोवाले, उंटसुद्धा आहे, वैनी. परभणी जिल्ह्यात उंट. डोहात पायडलच्या होड्या. चिंचा कुठं आहेत म्हणून मी शोधत राहिले, शेवटी कळलं की मी उभी आहे तिथंच होत्या, तिथं आता मोटारी लावतात. आणि बाबांच्या रानाला लोखंडी कमान. त्यावर रंगानं लिहिलंय, ‘पिंपळडोह येळवस महोत्सव’.

कमानीपाशी एक पोरगा खुर्ची टाकून बसलेला. म्हणाला, कूपन. मी म्हटलं, बाळा, हे माझ्या वडिलांचं रान आहे. तो म्हणाला, मावशी, सगळेच असं म्हणतात. मी किशनरावांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मालक येळवसेला इथं नसतात. मागं लोक ढकलायला लागले. जावयांनी पुढं होऊन गपचूप तीन कूपनं फाडून घेतली. वैनी, मी माझ्या जावयाच्या पैशानं माझ्या बापाच्या रानात पाऊल टाकलं. लेक माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती.

आत काय आहे ते तुमाला माहीत असेलच. सिमेंटची कोपी केलीय, तिच्यावर कडबा नुसता चिकटवलाय. पाच पांडवांना डोळे आणि मिशा काढल्यात. भाड्यानं आणलेले दोन म्हातारे घोंगडी पांघरून बसलेत, आणि कर्ण्यातून ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ ओरडतंय, दर थोड्या वेळानं तेच. दादा आंबील शिंपत वावरभर फिरायचा तेव्हा हे ओरडायचा. मला ते ऐकवेना. हातात थाळी घेऊन रांगेत उभं राहिलो. भज्जी गार होती. आंबील संपली म्हणाले. जावई शेजारी होते म्हणून थाळी संपवली.

परत निघालो तर सडकेवर जीपांचा खोळंबा, म्हणून गायरानाच्या बाजूनं बांधाबांधानं फाट्याकडं निघालो. तिकडंही सुरूच. पूर्वी त्या माळावर कुसळं उगवायची, आता तिथंही ज्वारी आणि कडब्याची कोपी. एक हिरव्या लुगड्याची तरुण बाई बांधावर येऊन हाका मारायला लागली, या आक्का, येळवस हाय, तसं जाऊ ने. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. म्हटलं, हिचंही दुकान दिसतंय. विचारलं, बाई, ताटाला किती? ती नुसती बघत राहिली. बहुतेक आमच्या तोंडाकडं बघून भाव ठरवत असेल. मी पुढं चालू लागले.

गावात घराकडं मी आले नाही. काय तोंड दाखवू, आणि तुमचं काय बघू? दादानं बाबांचं रान विकलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण येळवस विकली. आणि तुमी दोघं मला ‘पोटभर जेवलो’ लिहिता. कुठं जेवलात? त्या कमानीच्या आत का बाहेर? एवढंच मला कळवा. नंतर नाही लिहिलंत तरी चालेल.

मालन


पिंपळडोह
२० जानेवारी १९९४

मालनवन्सं,

तुमचं पत्र हे वाचाय मागायले व्हते. म्या दिलं न्हाई, आधी तुमाला लिव्हते.

कमानीच्या आत जेवलो का भाईर, असं तुमी इचारलं. सगळं सांगते. बन्सीधरानं ‘जेवू घालायचं काम’ म्हणलं, ते ह्यांनी तुमच्या-आमच्या अर्थानं घेतलं. येळवसेला जेवू घालायचे पैशे घेतेत हे त्यांच्या डोक्यातच आलं न्हाई. मागच्या सालच्या येळवसेला आमी नेहमीपरमानं पहाटं उठून सगळं केलं. मी डोक्यावर आंबिलीचं मडकं घेतलं, ह्यांनी भज्जीचं पातेलं, अन् आपल्या रानाला गेलो. कमानीपाशी त्या पोरानं अडवलं. म्हणला, भाईरचं खानं आत न्यायला मनाई हाय.

वन्सं, मी ते ऐकून हसले. खरंच हसले, मला वाटलं चेष्टा करायलाय. मग त्यानं पाटी दाखवली. हे पातेलं तसंच हातात धरून माघारी वळले. मी मागून. गावातून वापस कसं जावं, लोक इचारतील, म्हणून गायरानाच्या बांधानं निघालो. डोक्यावरची आंबील हिंदळून तोंडावर वघळायली व्हती.

त्या माळावर सितारामाची दीड एकर हाय. सरकारनं त्येच्या नावानं केली. बाप-लेकानं दोन साल दगडं येचली अन् ज्वारी आणली. पांडव ते मांडत न्हाईत, पन येळवस करतेत. लिंबाजीची बायको, म्हंजे सितारामाची सून, कडूबाई, तिनं आमाला पाहिलं. तिला आमी कोण ते ठावं नव्हतं, नवी नवरी. बांधावर आली अन् म्हणली, या, येळवस हाय, तसं जाऊ ने.

हे थबकले. कोपीतून सिताराम उठून उभा राहिला. दोघं येकमेकाकडं बगत उभे, मला वाटलं आता हे चालाय लागतील. तर ह्यांनी पातेलं खाली ठिवलं अन् चपला काढल्या. अन् काय केलं ठावं हाय का? कोपीकडं गेलेच न्हाईत. बांधाच्या पल्याड, मातीत, येकटेच जाऊन बसले. जिथं आपल्या रानात सितारामाला बसवायचो, तशाच जागी. दुसऱ्याच्या येळवसेला परक्या जातीचा माणूस कुठं बसतोय, ते त्यांना येवढंच ठावं व्हतं.

सिताराम सावकाश चालत आला. म्हणला, ‘‘मालक, आमच्यात कुणी भाईर बसत नसतंय.’’ अन् ह्यांच्या काखेत हात घालून उठवलं, न्हेऊन आपल्या शेजारी बसवलं. कडूबाईनं वाढलं. हे जेवताना रडायलते अन् जेवायलते, दोनी संगंच. माझं आंबिलीचं मडकं तसंच बांधावर राहिलं. सिताराम म्हणला, ते वापस न्या, आज आमचं खा. तेच मी तुमाला लिव्हलं, पोटभर जेवलो. खोटं न्हाई लिव्हलं, वन्सं. फकस्त कुठं ते लिव्हलं न्हाई. ह्यांनी शपथ घातली, पाव्हण्यारावळ्यात कळू देऊ नको म्हणून. जेवाय भ्याले न्हाईत, सांगाय भ्याले.

म्हणून औंदा तुमाला येऊ नका लिव्हलं. जावायाला कुठं न्हेणार व्हते मी? आमाला तर आमच्या रानात जागा न्हाई, अन् सितारामाच्या बांधावर बोलावणं त्यांचं, माझं न्हाई.

चौदा तारखेला इद्यापीठाचं नाव झाल्याचं रेडिओवर सांगितलं. गावात परत कुजबुज सुरू झाली. पारावर येकानं ह्यांना इचारलं, तुमी म्हणं सितारामाच्या वावरात जेवताव? मला वाटलं हे आता मान फिरवतेत. हे म्हणले, ‘‘व्हय, जेवतो. पुढल्या सालीबी जेवणार.’’ अन् घरी येऊन मला म्हणले, मालनला कळवून टाक. मी कागद घेतला, तवर तुमचंच पत्र आलं.

आता शेवटचं लिव्हते. लिव्हू का नको, लय इचार केला. पन तुमी इचारलंय, तर माझ्यापाशी ठिवून मी काय करू.

अकरा तारखेला आमी तिथंच व्हतो. तुमी ज्या कोपीवरून गेला, तिच्या आत. कडब्याच्या पल्याड, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तुमचे दादा सितारामाच्या शेजारी ताटावर बसले व्हते. हिरव्या लुगड्याची ती कडूबाई. भाव ठरवत नव्हती, वन्सं. लेकराच्या जातीची पोर हाय, घाबरून गेली. आत आली, तोंड उतरलेलं, म्हणली, मामंजी, येक बाई ताटाला किती म्हणून इचारायली, मी काय चुकीचं बोलले का?

ह्यांनी हातातला घास खाली ठिवला. म्हणले, सरजे, आवाज मालनचा वाटला गं. उठाय लागले.

मीच हाताला धरून खाली बसवलं. म्हणले, जेवा गुमान. आपली मालन येळवसेला ताटाला किती असं इचारील व्हय?

सरजा